उघाडीवरची कोनशिला

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या प्रभागाचे माजी नगरसेवक सन्माननीय बाजीरावजी जगदाळे. शनिवारची सुट्टी बाजूला ठेवून आलेल्या उपायुक्त वैदेही सबनीस मॅडम. नदीकिनारा उद्यान मित्र मंडळाच्या उत्साही चिटणीस श्रुतीताई. उद्यान विभागातले आजी-माजी सहकारी. घणसोली गावठाणातली मंडळी, टॉवरमधली मंडळी. आणि ज्यांच्या सेवानिवृत्तीसाठी आपण इथे जमलो आहोत त्या श्रीमती दमयंती मढवी. त्यांच्यासाठी व्यासपीठावर फुलांनी सजवलेली खुर्ची ठेवली होती. त्या तिसऱ्या रांगेत, भिंतीच्या बाजूला बसल्या आहेत. दोनदा विनंती झाली, दोनदा त्यांनी मान हलवली. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत बाईंनी माझ्याही बऱ्याच विनंत्यांना अशीच मान हलवली, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

मी जयप्रकाश कुडतरकर. निवृत्त उद्यान अधीक्षक. श्रुतीताईंनी मला सांगितलंय की, काका, तुम्ही उद्यानाचा इतिहास सांगा, दहा मिनिटांत, आणि शेवटी बाईंबद्दल दोन शब्द. मी प्रयत्न करतो. दहा मिनिटांत आमच्या खात्यात चहासुद्धा येत नसे, पण प्रयत्न करतो.

तर इतिहास. आज जिथे आपण सकाळी फिरायला जातो, तिथे पूर्वी खाजण होतं. टॉवरमधल्या मंडळींसाठी सांगतो, खाजण म्हणजे खाडीलगतची खारी जमीन. बांध घालून गावकरी त्यात भात पिकवत. आणि बांधाला एक तोंड असे, लाकडी फळ्यांचं. भरती आली की फळ्या खाली टाकायच्या, म्हणजे खारं पाणी आत शिरत नाही. ओहोटी लागली की फळ्या उचलायच्या, म्हणजे आतलं पावसाचं पाणी नदीत निघून जातं. या तोंडाला उघाडी म्हणतात. आपल्या उद्यानाच्या जागेवरची उघाडी मढवींच्या घराण्याकडे सांभाळायला होती. दमयंतीबाई लग्न होऊन आल्या तेव्हा सासऱ्यांनी त्यांना दोन गोष्टी दाखवल्या, एक चूल आणि दुसरी ही उघाडी. असं त्याच सांगतात.

मग शहर आलं. जमिनी गेल्या. बदल्यात घरटी एक नोकरी मिळाली आणि बाई आमच्या विभागात मजूर म्हणून लागल्या. कुठे नेमणूक? त्यांच्याच शेतावर! तेव्हा तिथे उद्यान नव्हतं. 'उद्यानासाठी राखीव' असा एक फलक होता. सहा वर्षं त्या फलकाची देखभाल करत होत्या. मी जुनी हजेरी पाहिलीय, कामाच्या रकान्यात 'उद्यान स्वच्छता' लिहिलंय. अस्तित्वात नसलेल्या उद्यानाची इतकी चांगली स्वच्छता दुसऱ्या कुठल्या शहराने ठेवली असेल?

त्यानंतर पहिलं उद्घाटन झालं. बालोद्यान. झोपाळे, घसरगुंडी, सीसॉ. खाजणाची जमीन ती, दोन पावसाळ्यांत घसरगुंडी इतकी खचली की मुलं वर बसायची आणि वरच राहायची. ते उद्यान बंद झालं.

दुसऱ्या उद्घाटनाच्या वेळी मी आलो होतो. नवा अधीक्षक, कोकण कृषी विद्यापीठाची पदवी, डोक्यात गुलाब. चारशे कलमं मागवली. पहिल्या दिवशी बाई मला म्हणाल्या, "साहेब, ही जमीन खारी हाय. गुलाब नाय धरायचा. करंज लावा, उंडी लावा." मी त्यांना माती परीक्षणाचा अहवाल दाखवला. त्यांनी तो उलटा-पालटा करून बघितला आणि मला विचारलं, "ही माती कुठची?" मी म्हटलं, इथलीच. तर नव्हती. ठेकेदाराने नमुना रबाळ्याच्या टेकडीवरून नेला होता. हे मला नंतर कळलं, चारशेच्या चारशे कलमं वाळल्यावर.

आणि मग मी काय केलं? जे कुठलाही जबाबदार अधिकारी करील तेच केलं. दमयंतीबाईंना कारणे दाखवा नोटीस दिली. 'देखभालीत कसूर.' (हसू नका, माझी सही आहे त्याच्यावर.) बाईंनी उत्तर म्हणून काहीच लिहून दिलं नाही. त्या वाळलेल्या कलमांच्या खड्ड्यांत त्यांनी आणि पंढरी माळ्याने करंजाची नि उंडीची रोपं लावली. मला विचारलं नाही. ज्या झाडांच्या सावलीत आज आपला हास्यक्लब हसतो, ती ही झाडं. पुढे त्या झाडांसाठी हरित-उद्यानाचा पुरस्कार मिळाला, तो घ्यायला मी गेलो होतो. सपत्नीक.

श्रुतीताईंची चिठ्ठी आली आहे. 'काका, पाच मिनिटं.' बरोबर आहे, मी आता मुद्द्यावर येतो.

तिसरं उद्घाटन. हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. नदीकिनारा सुशोभीकरण. कागदोपत्री आपल्या नदीचं नाव 'नाला क्रमांक नऊ' असं आहे. सुशोभीकरणात मात्र ती पुन्हा नदी झाली. चालण्याचा रंगीत रस्ता, दिवे, सेल्फीसाठी मोठाली अक्षरं. आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने उद्यान आणि नदी यांच्यामध्ये नऊ फूट उंच काँक्रीटची भिंत. म्हणजे काय झालं? नदीकिनारा उद्यानातून नदी दिसायची बंद झाली. एका आजोबांनी मला विचारलंही होतं, "साहेब, नदी कुठल्या बाजूला आहे?" मी त्यांना बाण काढलेला फलक लावून दिला.

भिंतीचं काम चालू असताना दमयंतीबाई माझ्या केबिनमध्ये आल्या होत्या. तीन मजले चढून. पंढरी बाहेर उभा होता, तो आत यायला लाजत असे.

"साहेब, भिंत बांदताव, बांदा. पन उघाडी नका बुजवू."

मी म्हटलं, "बाई, आता शेती कुठे आहे? उघाडी कोणासाठी?"

"गावासाठी. गावातलं सगलं पानी तिथूनच उतरतं."

मी नकाशा उघडला. नकाशात त्या जागी पाइप होता. दीड फुटी. मी पाइपवर बोट ठेवलं. बाईंनी माझ्या बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "ह्याच्यात एक गोनपाट अडकला तर?" मी म्हटलं, आपण बघू.

उघाडी बुजवली. भिंतीचा तेवढाच भाग जरा रुंद, सपाट निघाला. कोनशिला बसवायला त्याहून छान जागा दुसरी नव्हती. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं, एकूण सतरा नावं. अध्यक्ष महोदय, आपलं नाव वरून चौथं होतं, माझं खालून दुसरं.

आता सात वर्षांपूर्वीच्या जुलै महिन्याकडे येतो. उधाणाची भरती आणि पाऊस, दोन्ही एकाच दिवशी. सकाळपासून धार धरलेली. एक वाजेपर्यंत भरती होती, तोवर पाणी जाणार कुठे? हे सगळ्यांनाच समजत होतं. पण एकनंतर ओहोटी लागली, नदी उतरू लागली, आणि गावठाणातलं पाणी मात्र चढतच राहिलं. तळमजल्यावरच्या भाड्याच्या खोल्यांत कमरेइतकं. भिंतीच्या या बाजूला पाणी आणि त्या बाजूला रिकामी होत चाललेली नदी.

गावठाणाच्या खालच्या आळीत पुतळाबाई राहायच्या. तुमच्यातल्या पुष्कळांच्या पुतळामावशी. अर्धांगवायूने दोन वर्षं खाटेवर होत्या. त्यांची सून रबाळ्याला कंपनीत कामाला, ती तिकडेच अडकलेली. दमयंतीबाई आणि पंढरी कमरेभर पाण्यातून त्यांच्या घरात शिरले. त्यांना उचलून बाहेर काढायचं तर गल्लीत ओढ इतकी की दोघांचे पाय टिकेनात. मग त्यांनी खाट दोन टेबलांवर चढवली. पुतळामावशींनी विचारलं, "दमे, मना इथंच सोडून चाललीस?" बाई म्हणाल्या, "पानी सोडून येते."

दोन वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. वेळ मला पक्की ठाऊक आहे. त्यानंतर कितीतरी दिवस मी तो नंबर आणि ती वेळ माझ्या फोनमध्ये उघडून बघत असे.

"साहेब, दमयंती बोलते. पाइप बुजलाय. नदी दोन हात खाली गेली, गावातलं पानी चढतंय. भिंत फोडू काय?"

मी तिसऱ्या मजल्यावर होतो. खिडकीतून सगळं राखाडी दिसत होतं. मी विचारलं, "किती फोडायची?"

"चार हात. उघाडीच्या तोंडाशी."

"दुसरा काही मार्ग?"

"असता तर तुमाला कशाला फोन केला असता?"

आणि मी म्हटलं, "फोडा."

अध्यक्ष महोदय, तुम्ही माझ्याकडे वळून पाहिलंत. मॅडम, तुम्हीही. हो, मी तेच म्हणालो. मी म्हटलं, "फोडा." गेल्या सात वर्षांत हा शब्द मी मोठ्याने पहिल्यांदा उच्चारतो आहे, माझ्या बायकोलाही मी तो सांगितलेला नाही.

पंढरीने पहार घेतली, बाईंनी घण. साठीकडे झुकलेला एक माळी आणि पन्नाशी ओलांडलेली एक बाई. पंचवीस मिनिटं लागली. घाव कुठे घालायचा हे त्यांना माहीत होतं, आणि नेमकी तिथेच कोनशिला होती. ग्रॅनाइट आधी तडकला, मग मागचं काँक्रीट. पाणी असं सुटलं की नवी हिरवळ, रंगीत रस्त्याचा तुकडा आणि सेल्फीची तीन अक्षरं घेऊन गेलं. साडेपाचपर्यंत खालच्या आळीत घोट्याएवढं पाणी उरलं. पुतळामावशींच्या खाटेचे पाय ओले झाले होते, त्या स्वतः कोरड्या होत्या. चहा मागत होत्या.

इतकं झाल्यावर काय व्हायला हवं होतं? सत्कार. तो आज होतो आहे. तेव्हा मात्र वेगळं झालं. दुसऱ्या दिवशी कोनशिलेचे तुकडे चिखलात सापडले आणि त्यांचे फोटो फिरले. सतरा नावांपैकी काहींच्या भावना दुखावल्या. बाजीरावजी, तुमच्या दुखावल्या होत्या, तुम्ही मोर्चा आणला होता, मी काही लपवत नाही आणि तुम्हीही लपवू नये. 'सार्वजनिक मालमत्तेची हेतुपुरस्सर नासधूस' अशी तक्रार झाली. गावात पाणी आलं होतं ही गोष्ट तिसऱ्या दिवशीच्या पत्रव्यवहारात कुठेही नव्हती. फक्त भिंत होती.

बाईंना निलंबित केलं. चौकशी लागली. आणि माझ्याकडे लेखी खुलासा मागितला: भिंत तोडण्याबाबत आपण आदेश दिला होता काय?

माझ्या निवृत्तीला दोन वर्षं होती. माझ्या मुलीचं लग्न ठरत होतं. ही कारणं मी सांगतो आहे, पण सांगताना मला त्यांचं वजन फारसं वाटत नाही. मी लिहिलं, 'सदर बाबतीत माझ्याकडून कोणताही आदेश देण्यात आलेला नाही.' आमची कार्यालयीन मराठी किती सोयीची आहे पाहा. या वाक्यात मी कुठे आहे? आदेश देण्यात येतो, किंवा येत नाही, जणू तो स्वतःच जिने चढतो आणि उतरतो.

चौकशीच्या आदल्या दिवशी मी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. मी म्हटलं, "दमयंतीबाई, उद्या तुम्ही..."

त्या म्हणाल्या, "तुमी काय लिवलाव ते मना समजलंय. पंढरीने वाचून दाखवलं."

"मग उद्या?"

"उद्या मना इचारतील ते मी सांगीन." एवढं बोलून त्या उठल्या.

दुसऱ्या दिवशी मी चौकशी अधिकाऱ्यांच्या शेजारी बसलो होतो, विभागाचा प्रतिनिधी म्हणून. रात्रभर मी त्यांच्या फोनचा विचार केला होता. त्या फोन काढणार, कॉल दाखवणार, मी संपणार. त्यांना विचारलं गेलं, "भिंत कोणाच्या सांगण्यावरून फोडलीत?"

त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. म्हणाल्या, "कोनाच्या नाय. मना दिसत होतं."

दमयंतीबाई, बसा. नाही, हात हलवू नका, मी थांबणार नाही. आज तुम्ही व्यासपीठावर आला नाहीत तसा मीही आज खाली बसणार नाही.

सात महिने निलंबन. त्यानंतर रबाळ्याच्या रस्त्यावर, दुभाजकातल्या झाडांना पाणी घालायचं काम. दोन्ही बाजूंनी कंटेनर, मधे तीन फुटांची माती. मुकादमाची जागा त्यांची होती, ज्येष्ठतेने, ती दुसऱ्याला गेली. पंढरी त्याच वर्षी निवृत्त होऊन गावी गेला, मला न भेटता. आणि बाईंच्या सेवापुस्तकात शेरा पडला, 'बेजबाबदार वर्तन'. मसुदा माझा होता.

आणि भिंत? ती पुन्हा बांधायला अभियंते गेले. त्यांनी मोजमाप घेतलं आणि अहवाल दिला की या ठिकाणी पाण्याचा निचरा होण्यासाठी तोंड असणं तांत्रिकदृष्ट्या अत्यावश्यक आहे. त्या चार हातांच्या भगदाडाला लोखंडी दार बसवलं. नाव 'पूरनियंत्रण द्वार'. चौथं उद्घाटन! नवी कोनशिला, या वेळी एकोणीस नावं. 'दूरदृष्टीने ही संकल्पना मांडणारे अधीक्षक' म्हणून माझा सत्कार झाला. ते स्मृतिचिन्ह मी घेतलं, मित्रहो. दोन्ही हातांनी घेतलं आणि फोटोसाठी थांबलो.

दाराच्या गजांमधून नदी दिसते म्हणून लोक तिथे उभे राहू लागले. मग तिथे बाकं टाकली. आज आपल्या उद्यानातली सगळ्यात आवडती जागा तीच आहे, संध्याकाळी बसायला मिळत नाही. पण ते दार भरती-ओहोटी बघून कोण उघडणार, कोण लावणार? दोन मुकादम आले आणि गेले. एकदा तर भरतीला दार उघडं राहिलं आणि हास्यक्लब घोट्याभर खाऱ्या पाण्यात हसला. शेवटी खात्याने दमयंतीबाईंना परत बोलावलं. मजूर म्हणूनच. त्या आल्या, आणि गेली चार वर्षं दार सांभाळताहेत.

मग आजच मी हे का बोलतो आहे? तीन आठवड्यांपूर्वी स्मरणिकेसाठी मी त्यांच्या घरी गेलो. मला फक्त तारखा हव्या होत्या. त्यांची नात रुतिका, पंधरावीला आहे, आजीच्या पेन्शनचे कागद लावत होती. तिच्या मांडीवर सेवापुस्तक उघडं होतं. ती मला म्हणाली, "सर, तुम्ही आजीचे साहेब होता ना? मग मला सांगा, आजीने असं काय बेजबाबदार केलं होतं? ती सांगतच नाही."

बाई चहा गाळत होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही. चहा गाळून झाला तरी गाळणी कपावर तशीच धरून राहिल्या. मला कळलं की सात वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्या उत्तराची वाट बघताहेत.

मी म्हटलं, "काही नाही बेटा, जुनी गोष्ट आहे."

बाईंनी माझ्यापुढे कप ठेवला आणि म्हणाल्या, "पुतलामावशी गेल्या साली गेली. नव्वदची होऊन. मना बाकी काय नको होतं साहेब. पन ही पोर शिकलेली हाय. ही लिवलेलं खरं मानते."

त्या चहाचा एक घोट मी घेतला असेन, जास्त नाही. घरी आलो आणि एक कागद लिहायला बसलो. आयुष्यात पहिल्यांदा सरकारी कागदावर 'मी' हा शब्द लिहिला. 'दिनांक अमुक रोजी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मी श्रीमती मढवी यांना भिंत फोडण्याचा आदेश दिला. चौकशीत मी खोटं लिहून दिलं. त्यांच्या सेवापुस्तकातला शेरा रद्द करावा आणि माझ्यावर नियमानुसार कारवाई करावी.' फोन कंपनीकडे आता नोंद मिळणार नाही, इतकी वर्षं झाली. पण मी तेव्हा स्क्रीनचा फोटो काढून ठेवला होता. का ठेवला होता, ते मला तेव्हाही कळलं नव्हतं. तो सोबत जोडला आहे.

मॅडम, हा कागद. आपण म्हणालात ते मला ऐकू आलं, सोमवारी कार्यालयात आवक-नोंद करून घेऊ. मॅडम, बाई आज संध्याकाळी पावणेसहाला निवृत्त होताहेत. सोमवारी त्या कर्मचारी नसतील आणि मला माझा स्वभाव माहीत आहे, सोमवारी मी कदाचित येणार नाही. आपण कृपया यावर 'मिळाले' एवढं लिहून सही करावी. पेन आहे. हे घ्या.

...

आभारी आहे, मॅडम. वेळही घातलीत, ते बरं केलंत.

बाजीरावजी, आपण टाळ्या वाजवल्यात. मला त्याची अपेक्षा नव्हती. आपल्या अध्यक्षीय भाषणात आपण या शेऱ्याबद्दल काही बोललात तर त्याचं वजन माझ्या कागदापेक्षा जास्त पडेल, एवढं सुचवतो.

रुतिका, तू मागच्या दारापाशी उभी आहेस. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी त्या दिवशी चुकीचं दिलं. तुझ्या आजीने जे केलं त्याला जबाबदारी म्हणतात. बेजबाबदार मी होतो.

आता आभार. मित्र मंडळाने मला बोलावलं, त्यांचे आभार. यापुढे बोलावतील की नाही ते त्यांनी ठरवावं. ध्वनिक्षेपकवाल्यांचे आभार, त्यांनी मधेच आवाज बंद केला नाही. तुम्ही सर्वांनी दहा मिनिटांचं भाषण अर्धा तास ऐकून घेतलंत.

बोलण्याच्या भरात एखादं नाव राहून गेलं असेल, कोणाला एखादा शब्द लागला असेल, तर सभागृहाने मोठ्या मनाने पोटात घालावं. दमयंतीबाई, तुम्ही मात्र घालू नका. सवयीने 'जाऊ दे साहेब' म्हणू नका. आठवडा घ्या, वर्ष घ्या. आणि क्षमा करावीशी वाटलीच नाही, तर तेही मला तोंडावर सांगा.